घंटागाडीचे चालक, सहा पट्ट्यांचे किट आणि एक नोंदवही

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेतले हे प्रकरण. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. निर्णय कोणत्या क्रमाने झाले, ते मात्र तसेच ठेवले आहे. मी सेवाविषयक वाद पाहणारा वकील. सगळे घडून गेल्यावर मुख्याधिकारी मॅडमनी सल्ल्यासाठी बोलावले, तेव्हा कागद माझ्यासमोर आले. पुढे कर्मचाऱ्यांशी, त्यांच्या संघटनेशी आणि डॉक्टरांशीही बोलणे झाले.

त्या काळात जिल्ह्यात नशेच्या पदार्थांचा विषय तापलेला होता. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुपवाडमधून मेफेड्रोनचा, म्हणजे लोक ज्याला एमडी म्हणतात त्याचा, मोठा साठा पकडला. २०२५ च्या जानेवारीत विट्याजवळ कार्वेच्या औद्योगिक वसाहतीत तर एमडी तयार करणारा कारखानाच सापडला. शाळेच्या पालकसभेत, चहाच्या टपरीवर, एसटी स्टँडवर तोच विषय. आपल्या पोरांपर्यंत हे पोचेल ही आईबापांची भीती खरी होती. प्रशासनाने काहीतरी करून दाखवावे हा दाबही खरा होता. हे आधी सांगतो, कारण पुढचा आदेश कुणी आकसाने काढला नव्हता.

अशात एका सकाळी बाजारपेठेच्या उतारावर घंटागाडीने दुचाकीला धडक दिली. दुचाकीवरच्या बाईंचा पाय मोडला. पोलिसांनी चालकाची लगेच श्वासचाचणी घेतली. मद्याचे प्रमाण शून्य आले. तरी दुपारपर्यंत गावभर झाले की ड्रायव्हर गांजा ओढून गाडी चालवत होता. त्याच आठवड्यात सर्वसाधारण सभा होती. तिथे दोन-तीन सदस्यांनी आवाज चढवला : सगळ्या ड्रायव्हरांची टेस्ट करा, खरे-खोटे होऊन जाऊ दे. ठराव झाला नाही. इतिवृत्तात फक्त ‘चर्चा झाली’ एवढेच आहे.

मॅडमनी दुसऱ्या दिवशी कार्यालयीन आदेश काढला. चार ओळींचा. वाहन विभाग आणि अग्निशमन विभागातील सर्व चालक व मदतनीसांनी सोमवारी सकाळी सहा वाजता गॅरेजवर हजर राहावे, मादक पदार्थ तपासणी होईल, गैरहजर राहणाऱ्यावर कारवाई केली जाईल. ही तपासणी कोणत्या नियमाखाली, नमुना कसला घेणार, निकाल कुणाच्या हाती जाणार, याबद्दल त्या चार ओळींत एक शब्द नव्हता. अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे चालक ‘कर्तव्यावर’ म्हणून वगळले होते.

तपासणीचा दिवस

गॅरेजवर एकेचाळीस माणसे जमली. काही पालिकेच्या आस्थापनेवरची, बाकी ठेकेदाराकडची. एका खासगी लॅबचे दोन तरुण खोकी घेऊन आले. टेबल मांडले गेले गाड्या धुण्याच्या जागेशेजारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. स्वच्छतागृह एकच, त्याच्या दाराला आतून कडी नाही. कुणी पाणी मिसळू नये म्हणून आरोग्य विभागाचा एक मुकादम दारात उभा केला. नाव पुकारले की माणसाने डबी घ्यायची, आत जायचे, भरलेली डबी हातात धरून सगळ्यांमधून चालत यायचे आणि टेबलावर ठेवायची.

अग्निशमनच्या बंबावरचे ज्येष्ठ चालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांनी नकार दिला. निवृत्तीला थोडाच काळ उरलेला, सेवापुस्तकात एकही शेरा नाही. ते म्हणाले, “मॅडम, गाडीत बसायच्या आधी नळीत फुंक म्हणा, दहा बार फुंकतो. रगत काढायचं तर सिव्हिलला चला, आत्ता येतो. पण ही डबी हातात धरून पोरांपुढनं चालायचं, ते माझ्यानं व्हायचं न्हाई.”

मॅडमनी उत्तर दिले, “अण्णा, तुमच्यावर कुणाचा संशय नाही. पण तुम्हाला सोडलं तर उद्या सगळेच सूट मागतील.”

अण्णा तसेच घरी गेले. त्यांच्या नावापुढे लाल शाईने ‘नकार’ लिहिले गेले.

किट सहा पट्ट्यांचे होते : ॲम्फेटामाइन, ओपिएट म्हणजे अफूवर्गातले पदार्थ, कॅनाबिस म्हणजे गांजा-चरस, कोकेन, आणि बार्बिट्युरेट व बेंझोडायझेपिन ही गुंगी आणणारी औषधे. नोंदवहीत चार रकाने आखले : नाव, पद, निकाल, सही. तिघांच्या नावापुढे ‘पॉझिटिव्ह’ लागले. ज्या चालकाच्या अपघातावरून हे सगळे सुरू झाले, त्याच्या सहाही पट्ट्या स्वच्छ होत्या.

पहिला टँकरचा चालक, बेंझोडायझेपिनला पॉझिटिव्ह. भाऊ गेल्यापासून त्याला झोप लागत नव्हती, घाबरल्यासारखे व्हायचे. मिरजेतल्या एका मानसोपचारतज्ज्ञांनी रात्री घ्यायची एक गोळी दिली होती. हे त्याच्या बायकोशिवाय कुणालाच माहीत नव्हते. दुसरा घंटागाडीवरचा कायम चालक, ओपिएटला पॉझिटिव्ह. त्याच्या निकालापुढे कंसात ‘रेघ फिकट’ असे लिहिलेले होते. त्याकडे पुढे येतो. तिसरा ठेकेदाराकडचा विशीतला मुलगा, गांजाला पॉझिटिव्ह. त्याने तिथल्या तिथे सांगून टाकले की परवा रात्री यात्रेहून येताना मित्रांबरोबर चिलीम ओढली होती.

दहा वाजेपर्यंत कुणीतरी नोंदवहीच्या पानाचा फोटो विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तिथून तो गावच्या ग्रुपवर गेला. संध्याकाळी एका स्थानिक बातमीचा मथळा होता : पालिकेचे तीन चालक नशेत सापडले.

अडचण नेमकी कुठे होती

‘नशेत सापडले’ या दोन शब्दांत सगळी गफलत आहे.

श्वासचाचणी सांगते की या क्षणी शरीरात मद्य किती आहे. लघवीची चाचणी असे काही सांगत नाही. गांजाच्या बाबतीत ती शोधते शरीराने तो पचवल्यानंतर उरलेले द्रव्य. ते क्वचित ओढणाऱ्याच्या लघवीत काही दिवस आणि रोज ओढणाऱ्याच्या लघवीत काही आठवडे सापडू शकते. म्हणजे त्या मुलाने परवा गांजा ओढला, एवढेच त्या पट्टीने सांगितले आणि ते त्याने स्वतःही सांगितले. सोमवारी सकाळी सहा वाजता त्याचे हातपाय आणि डोके ताब्यात होते की नाही, हे पट्टीला विचारताच येत नाही.

पट्टीची चाचणी ही चाळणी असते, निदान नव्हे. गांजासाठी अशा चाळणीची नेहमीची मर्यादा मिलिलीटरला ५० नॅनोग्रॅम. चाळणीत अडकलेला नमुना मग जीसी-एमएस या उपकरणावर पुन्हा तपासायचा असतो आणि तिथली मर्यादा १५ नॅनोग्रॅम. ही दुसरी तपासणी होईपर्यंत ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द कुणाच्या नावापुढे लिहूच नये. ओपिएटची चाळणी तर फारच नाजूक. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते आणि शरीरात त्यातल्या काही भागाचे मॉर्फीन होते. अनारशांवर लावतो ती खसखससुद्धा चाचणीत दिसू शकते. अमेरिकेच्या केंद्र सरकारी तपासणीत याच कारणाने ओपिएटची मर्यादा १९९८ मध्ये ३०० वरून २००० नॅनोग्रॅमवर नेली गेली.

आता ती फिकट रेघ. या किटची रीत लोकांच्या अंदाजाच्या उलटी असते : रेघ उमटली तर निगेटिव्ह, उमटली नाही तर पॉझिटिव्ह. रेघ कितीही फिकट असली तरी ती निगेटिव्हच धरायची असते, आणि हे किटबरोबरच्या कागदावर छापलेले होते. त्या चालकाची रेघ फिकट का होईना, होती. तरी त्याला पॉझिटिव्ह ठरवले गेले. त्यालाही हे ठाऊक नसल्याने तो खोकल्याच्या बाटलीचे बिल घेऊन कार्यालयात खेटे घालत होता. जे घडलेच नसावे त्याचा खुलासा एक माणूस हात जोडून देत फिरत होता. नमुने त्याच दिवशी गटारात ओतून टाकले होते, त्यामुळे खरे काय ते शोधायला काही उरलेच नव्हते.

आणखी एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नव्हती. ज्या एमडीच्या भीतीने हा घाट घातला, ते मेफेड्रोन पकडणारी पट्टी या सहांत नव्हतीच.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १८५ मद्य किंवा अमली पदार्थाच्या अंमलाखाली गाडी चालवण्याला गुन्हा ठरवते. मद्यासाठी आकडा आहे : १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त. अमली पदार्थासाठी कसोटी वेगळी. गाडीवर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल असला पाहिजे. श्वासचाचणीचा अधिकार कलम २०३ ने, आणि अटकेनंतर डॉक्टरकडून रक्ताचा नमुना घेण्याचा अधिकार कलम २०४ ने दिला आहे. अटकेनंतर दोन तासांच्या आत ही तपासणी व्हावी, हे कलम २०२ सांगते. पण हे अधिकार पोलिसांचे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१ खाली आरोपीची वैद्यकीय तपासणी होते, तीही पोलीस अधिकाऱ्याच्या विनंतीवरून, डॉक्टरकडून. यातले कोणतेच कलम नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्याला गॅरेजमध्ये डब्या वाटण्याचा अधिकार देत नाही.

संघटनेच्या वकिलांनी पहिल्या नोटिशीत संविधानाच्या अनुच्छेद २०(३) वर भर दिला होता : स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नको. हा मुद्दा मला कमकुवत वाटला आणि मी त्यांना तसे सांगितलेही. काठी कालू ओघड प्रकरणात ११ न्यायमूर्तींच्या पीठाने १९६१ मध्येच बोटांचे ठसे, हस्ताक्षराचा नमुना अशा गोष्टी ‘साक्ष’ या अर्थातून वगळल्या. २०१० च्या सेल्वी निकालाने नार्को चाचणी सक्तीने करायला मनाई केली, पण तिथे माणसाच्या मनातले काढून घेतले जाते. लघवीच्या डबीत मनातले काही नसते. शिवाय इथे कुणी आरोपीच नव्हते.

खरा आधार अनुच्छेद २१ चा, म्हणजे जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा. पुट्टास्वामी प्रकरणात ९ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमुखाने सांगितले. राज्यसंस्थेला त्यात हात घालायचा तर त्यामागे कायदा हवा, उद्देश रास्त हवा आणि उपाय उद्देशाच्या प्रमाणात हवा. आपल्या प्रकरणात उद्देश रास्त होता. रस्त्यावरच्या लोकांच्या जिवाची काळजी याहून रास्त काय असणार? पण कायदा नव्हता. आणि कडी नसलेले दार, मुकादमाचा पहारा, उघडे टेबल, नावानिशी नोंदवही हे कोणत्याही मापाने प्रमाणात बसत नव्हते.

त्याही आधी, १९९७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने एका सार्वजनिक उपक्रमातल्या एचआयव्हीबाधित हंगामी कामगाराच्या बाजूने निकाल दिला. माणूस कामाला सक्षम आहे आणि त्याच्यापासून इतरांना धोका नाही, तर केवळ आजारावरून त्याला काम नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. खटल्याच्या शीर्षकातही नावांऐवजी ‘एमएक्स’ आणि ‘झेडवाय’ अशी अक्षरे वापरून ओळख झाकली होती. या निकालातला कामाच्या सक्षमतेचा निकष आपल्या तिन्ही चालकांना तंतोतंत लागू पडतो. शरीरात काय आहे ही चौकशी मालकाची नव्हे. आज हा माणूस गाडी सुरक्षित चालवू शकतो का, एवढेच विचारण्याचा त्याला हक्क आहे.

टँकरच्या चालकाबाबत आणखी एक पदर होता. मानसिक आरोग्य काळजी कायदा, २०१७ च्या कलम २३ प्रमाणे मानसिक आजाराच्या उपचाराची माहिती गुप्त राखणे हे उपचार करणाऱ्यांचे कर्तव्य आहे. त्याच कायद्याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही मोडतात. म्हणजे डॉक्टरांनी जी गोष्ट ओठांवर येऊ दिली नसती, ती पालिकेच्या नोंदवहीने अर्ध्या दिवसात गावभर केली. लॅबला २०११ चे माहिती तंत्रज्ञानविषयक नियम लागू होते आणि त्यांत वैद्यकीय माहिती संवेदनशील मानलेली आहे. पण पालिकेने लॅबला दिलेल्या कार्यादेशात माहितीच्या गोपनीयतेची एकही अट नव्हती, होता तो फक्त प्रति किटचा दर.

बाहेरच्या देशांतही तपासणीला मुभा मिळाली ती आधी लिहिलेल्या नियमाच्या जोरावर. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च १९८९ रोजी एकाच दिवशी दोन निकाल दिले आणि रेल्वे अपघातानंतरची व सीमाशुल्क खात्यातल्या काही पदांवरची तपासणी वैध ठरवली. दोन्हीकडे कुणाची, केव्हा, कशी तपासणी होणार याची ठरलेली पद्धत होती. १९९७ मध्ये त्याच न्यायालयाने जॉर्जिया राज्यातल्या उमेदवारांवरची तपासणीची सक्ती मात्र रद्द केली, कारण खऱ्या धोक्याचा पुरावाच नव्हता. आपल्याकडे वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रकांसाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम ३१ जानेवारी २०२२ पासून लागू आहेत. त्यांत चाळणी, खातरजमेची चाचणी आणि पहिल्या वेळी उपचाराकडे पाठवणे असा क्रम घालून दिलेला आहे. विमान उडवणाऱ्याला जी पायरीपायरीची वागणूक मिळते, ती कचरा उचलणाऱ्या गाडीच्या चालकाला का मिळू नये, हा प्रश्न मी मॅडमना विचारला. त्यांनी तो लिहून घेतला.

कोणते पर्याय पुढे होते

मला बोलावले तेव्हा टेबलावर चार मते होती.

पदाधिकाऱ्यांचे म्हणणे, तिघांना आणि अण्णांना निलंबित करा, लोकांना कारवाई दिसली पाहिजे. संघटनेचे म्हणणे, तपासणी बेकायदा होती, ती झालीच नाही असे धरा आणि विषय मिटवा. लॅबने स्वतःहून सुचवले की तिघांचे नवे नमुने घेऊन पुन्हा मोफत तपासून देऊ. चौथे मत आरोग्य विभागातल्या एका डॉक्टरांचे : शिक्षा, चाचणी सगळे बाजूला ठेवा आणि हे लोक गाडी चालवायला सक्षम आहेत का, एवढेच शासकीय रुग्णालयाकडून पाहून घ्या.

निलंबन टिकणारे नव्हते. दारूच्या प्रकरणातही, केवळ तोंडाला वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या आणि असंबद्ध बोलणे यांवरून मद्यसेवन सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बचुभाई कर्यानी प्रकरणात १९७१ मध्ये म्हटले आहे. आपल्याकडे तर वास आणि अडखळणेही नव्हते. होती खातरजमा न झालेली पट्टी आणि फेकून दिलेला नमुना. पुन्हा नमुना घेण्यालाही मी विरोध केला. आठवडे उलटल्यावरचा नमुना त्या सोमवारबद्दल काहीच सांगणार नव्हता, आणि ज्या अधिकाराअभावी पहिली तपासणी सदोष ठरत होती, तो अधिकार दुसऱ्या वेळी आपोआप येणार नव्हता.

खरी ओढाताण झाली संघटनेच्या पर्यायावर. तो कायद्याने सर्वांत स्वच्छ दिसत होता, पण टँकर समोर उभा होता. दहा हजार लिटर पाणी घेऊन वस्तीच्या बोळांतून जाणारी गाडी आणि तिच्या चालकाला रात्री गुंगी आणणारी गोळी चालू आहे, हे आता कार्यालयाला माहीत झाले होते. माहिती चुकीच्या वाटेने आली म्हणून तिच्याकडे डोळेझाक करायची? उद्या अपघात झाला तर पालिका काय सांगणार? संघटनेचे सचिव यावर बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “वकीलसाहेब, त्याची गोळी चालू हाय म्हणून त्याला घरी बसवू नका, एवढं बघा.”

मी जी रेषा सुचवली ती अशी : त्या नोंदवहीच्या आधारावर कुणालाही शिक्षा नाही, सेवापुस्तकात नोंद नाही. पण चालकाची शारीरिक सक्षमता पाहण्याचा अधिकार मालकाला त्या नोंदवहीशिवायही आहे. व्यावसायिक परवान्यासाठी डॉक्टरचे ‘नमुना १-ए’ मधले प्रमाणपत्र लागतेच. तेव्हा फक्त तिघांना न पाठवता सर्व चालकांना, साहेबांच्या गाड्यांवरच्यांसकट, टप्प्याटप्प्याने त्या तपासणीला पाठवावे. औषधे कोणती, आजार कोणता, हे डॉक्टर आणि चालक यांच्यातच राहील. कार्यालयाकडे एक ओळ येईल : सक्षम, असक्षम, किंवा अमुक काळापर्यंत अमुक मर्यादेसह सक्षम.

मॅडमनी डॉक्टरांचा आणि हा मार्ग एकत्र करून स्वीकारला. पदाधिकाऱ्यांना ते पटवणे त्यांनी एकट्याने केले, आणि ते सोपे नव्हते.

केलेली कार्यवाही

नोंदवही पाकिटात घालून सीलबंद केली आणि मुख्याधिकाऱ्यांच्या कपाटात ठेवली. नष्ट करावी असे काहींचे मत होते, पण वाद न्यायालयात गेला असता तर तोच पुरावा होता. फोटो काढून टाकण्याच्या सूचना ग्रुपवर गेल्या. कुणी टाकला याची चौकशी मात्र अर्धवटच राहिली. बातमी देणाऱ्याला लेखी खुलासा पाठवला की कोणताही चालक कामावर नशेत आढळलेला नाही. तो दोन दिवसांनी खालच्या कोपऱ्यात छापून आला. अण्णांना दिलेली कारणे दाखवा नोटीस मागे घेतली.

माहितीच्या अधिकारात एकाने तपासलेल्यांची यादी आणि निकाल मागितले. माहिती अधिकाऱ्याने आदेशाची प्रत, एकूण संख्या आणि झालेला खर्च दिला. नावे व वैयक्तिक निकाल कलम ८(१)(ञ) खाली नाकारले. त्यासाठी गिरीश देशपांडे प्रकरणातला २०१२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल उपयोगी पडला, ज्यात सरकारी नोकराच्या सेवेविषयीचे तपशील वैयक्तिक माहिती मानले आहेत. लोकांच्या पैशाचा हिशेब लोकांना मिळाला आणि माणसांची अब्रूही राहिली.

याच काळात मोटार वाहन निरीक्षकांचा अपघातग्रस्त घंटागाडीवरचा अहवाल आला. ब्रेकचे लायनर झिजलेले होते. लॉगबुकात दिसले की तो चालक आदल्या दिवशी दोन पाळ्या सलग करून पहाटे पुन्हा गाडीवर आला होता. अपघातानंतर पहिल्याच दिवशी हे लॉगबुक उघडता आले असते. ते वाहन विभागाच्या टेबलावरच पडलेले होते.

निष्पत्ती

खोकल्याचे औषध घेणारा चालक सक्षम ठरला आणि त्याच आठवड्यात गाडीवर बसला. टँकरच्या चालकाला डॉक्टरांनी गोळीची मात्रा स्थिर होईपर्यंत अवजड वाहनापासून दूर ठेवायला सांगितले. पालिकेने त्याला भांडारात बसवले, पगार पूर्ण ठेवला, आणि पुढे तो टँकरवर परतला. नोकरीच्या अंगाने त्याचे बरे झाले. बाकीच्या अंगाने मी तसे म्हणणार नाही. सकाळी डेअरीला दूध घालायला तो जायचा, ते त्याने बंद केले. अजूनही त्याची बायको जाते. “लोक इचारत्यात, आता बरं हाय का म्हणून,” त्या वहिनी मला म्हणाल्या, “चांगल्या मनानंच इचारत्यात, पर त्यास्नी त्येच नको वाटतं.”

गांजाच्या पट्टीवरचा मुलगा परत आला नाही. ठेकेदाराच्या मुकादमाने त्याला त्याच सोमवारी “उद्यापासून येऊ नको” सांगितले होते. नोटीस नाही, म्हणणे ऐकणे नाही. कायम कर्मचाऱ्याला मोठी शिक्षा द्यायची तर दोषारोपपत्र, त्याचे म्हणणे, चौकशी हा क्रम पाळावा लागतो. या मुलाच्या वाट्याला फोनवरचे एक वाक्य आले. पालिकेने ठेकेदाराला त्याला परत घेण्याविषयी पत्र दिले. ठेकेदाराने जागा भरल्याचे कळवले. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याचे कलम ६४-ए स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन माणसाला खटल्यापासून संरक्षण देऊ शकते, हे मी त्याला समजावून सांगितले. तो व्यसनी होता असे मला वाटत नाही, पण बोलण्यासारखे कुणी त्याला हवे होते. शेवटचे ऐकले तेव्हा तो उसाच्या ट्रॅक्टरवर होता. म्हणजे रस्त्यावर गाडी चालवतोच आहे, फक्त आता त्याच्याकडे पाहणारे कुणी नाही. रस्ता सुरक्षित करायचा होता, तर या गोष्टीची खंत सगळ्यांनाच वाटायला हवी.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत महत्त्वाचे वळण मला सभेच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ वाटते, आदेशावर सही होण्याआधीची. तेव्हा तीन गोष्टी हाताशी होत्या : श्वासचाचणीचे शून्य, लॉगबुक आणि गाडी. या तिन्हींनी नशेपासून दूर, गॅरेजच्या देखभालीकडे आणि पाळ्यांच्या तक्त्याकडे बोट दाखवले असते. लोकांना उत्तर हवे होते, आणि ‘ब्रेक झिजले होते, माणूस थकला होता’ हेही उत्तरच होते. ते पालिकेला जास्त अडचणीचे होते, एवढेच.

तपासणी करायचीच होती, तर ती पाळी सुरू होण्याआधीच्या श्वासचाचणीपुरती ठेवता आली असती. तिला कुणाचा विरोध नव्हता, अण्णांचाही नाही. त्यापलीकडे जायचे तर लेखी कारण हवे होते : अपघात, किंवा दोन पर्यवेक्षकांनी स्वतंत्रपणे नोंदवलेले संशयास्पद वर्तन. नमुना रुग्णालयात, बंद दाराआड, दोन बाटल्यांत विभागून, त्यातली एक खातरजमेसाठी राखून. आणि निकाल कळवण्याआधी डॉक्टरांनी एकांतात विचारायला हवे होते की सध्या कोणते औषध चालू आहे. हा एक प्रश्न विचारला गेला असता, तर टँकरच्या चालकाचे नाव कोणत्याच कागदावर आले नसते.

हे सगळे घालून पालिकेने नंतर एक कार्यपद्धती तयार केली आणि सभेत ठराव करून घेतला. नकार दिल्यास त्या दिवशी गाडी मिळणार नाही, पण नकार हाच गैरवर्तन मानला जाणार नाही, हे वाक्य अण्णांच्या आग्रहाने आले. स्वतःहून उपचार मागणाऱ्याची नोकरी जाणार नाही, हे डॉक्टरांच्या आग्रहाने.

ही कार्यपद्धती चांगली आहे, पण ती पुरेशी आहे असे मी मॅडमना सांगितलेले नाही. पुट्टास्वामीने मागितलेला ‘कायदा’ म्हणजे सभेचा ठराव असे मला वाटत नाही. शरीरातून नमुना घेण्याची सक्ती करायची तर ती सेवानियमांत यायला हवी आणि ते काम राज्य शासनाचे. तसा प्रस्ताव पाठवला आहे. तोवर पालिकेने लघवीची चाचणी फक्त संमतीने आणि शासकीय डॉक्टरांमार्फतच करायची, असे ठरले आहे.

ठेकेदाराकडच्या चालकांना यातले काहीच अजून लागू नाही. सध्याचा करार संपेपर्यंत त्यात अट घालता येत नाही, असे लेखा विभागाचे म्हणणे आहे. पुढच्या निविदेच्या मसुद्यात मी दोन कलमे लिहून दिली आहेत : चालकाला कामावरून काढण्याआधी लेखी कारण आणि म्हणणे मांडायची संधी, आणि वैद्यकीय माहिती ठेकेदाराच्या हाती न जाणे. मसुदा मंजुरीसाठी गेला आहे.